नुरीतची जागा

त्या टेकडीवरच्या पडक्या शहराला पुढे सरकारने पाटी लावली, कुंपण घातलं, नकाशात जागा दिली. किहीमकरांना घेऊन लॉरी पहिल्यांदा त्या वाटेने आली तेव्हा मात्र त्याला नाव आहे की नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हतं. पिन्हास किहीमकरने लॉरीतून मान वर करून उन्हात उभ्या असलेल्या त्या भिंती पाहिल्या आणि बायकोला म्हणाला, "किल्ला दिसतोय." तेव्हापासून आसपासच्या मराठी घरांत तो किल्लाच झाला. तो किल्ला नव्हता, दीड हजार वर्षांपूर्वीचं एक शहर होतं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

हे एकोणपन्नास सालच्या शेवटी. पिन्हास पुण्याचा, रास्ता पेठेतला, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कारकून. लिआ मॅट्रिक झालेली, बालवर्गाला शिकवणारी. लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि ज्यूंच्या नव्या देशाकडे जाणाऱ्या विमानात बसायच्या वेळी लिआला दिवस गेले होते. पिन्हासच्या आईने हा देवाचा कौल समजून डोळे पुसले आणि त्यांना निरोप दिला.

नेगेवच्या त्या वाळवंटी रस्त्यावर त्यांना मिळाली ती मआबारातली एक खोली. मआबारा म्हणजे नव्याने आलेल्यांची तात्पुरती वसाहत. पत्र्याच्या आणि कापडाच्या झोपड्या, मधे पाण्याचे नळ, आणि चहूकडून वारा. पिन्हासला रस्त्याच्या कामावर घेतलं. बोटांना शाईचीच सवय असलेल्या माणसाच्या हातात पहार आली. तो रोज संध्याकाळी तळहात पालथे करून बसायचा, म्हणजे लिआला फोड दिसायला नकोत. ती बघायचीच.

मुलगी झाली बेर शेव्याच्या दवाखान्यात. तिथल्या नर्सने सांगितलं की इथे थंडीनंतर वाळवंटात एक लाल फूल उगवतं, त्याला नुरीत म्हणतात. पिन्हासला नाव आवडलं. त्याच्या घराण्यात सगळ्या रिबेका आणि सारा. हे नाव तिथे कोणाचंच नव्हतं, ह्या देशाचं होतं. नुरीत चालायला लागली, बोलायला लागली. पाण्याला मायीम म्हणायची आणि दुधाला दूध. आईला आई, बापाला हिब्रूतला आबा. पिन्हासला मराठीतला आबा म्हणजे आजोबा वाटायचा, आणि तो म्हणायचा, पोरीने मला एकदम म्हातारा केला. त्या दोन वर्षांत त्या पत्र्याच्या खोलीत जेवढं हसणं झालं तेवढं पुण्यातल्या आठ वर्षांत झालं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात मआबारात घटसर्पाची साथ आली. नुरीतचा घसा सुजला, ताप चढला. लिआने तिला पाठीशी बांधून नर्सच्या झोपडीपर्यंत नेलं. नर्सने पाहिलं आणि गाडी मागवली. पण त्याच दुपारी लांब डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला होता आणि वादीला लोंढा आला. एरवी कोरडा ठणठणीत असणारा तो ओढा अंगावर बैल धावून यावा तसा आला आणि रस्ता घेऊन गेला. गाडी पलीकडच्या काठाला उभी राहिली. तिचे दिवे इकडून दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी ओसरायच्या आत, नुरीत गेली.

बेर शेव्याच्या कब्रस्तानात नेणं शक्य नव्हतं. मआबारातली जमीन चिखलाने माखलेली. ठाण्याहून आलेले म्हातारे नेहेम्याकाका, ज्यांना सगळ्या प्रार्थना पाठ होत्या, म्हणाले की मुलीला ताटकळत ठेवू नका, किल्ल्याच्या उतारावर जमीन कोरडी आहे. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमले. मोरोक्कोचे होते, रुमानियाचे होते, आपले होते. पिन्हासने दुसऱ्या कोणाला पहारीला हात लावू दिला नाही. वर मातीचा पातळ थर आणि खाली चुनखडी. तो खणत राहिला. एकाने पाणी पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. शेवटी आत उतरून त्याने तळ हाताने साफ केला, खडा न् खडा वेचून बाहेर टाकला.

दुसऱ्या आठवड्यात तो एकटाच वर गेला आणि पडलेल्या भिंतींतले घडीव दगड खांद्यावरून आणून त्या एवढ्याशा जागेभोवती चौकट मांडून आला. एका दगडावर त्याने डांबराने नाव लिहिलं, मराठीत आणि हिब्रूत. उन्हाने ते वर्षभरात उडालं.

लिआच्या दारातून तो उतार दिसायचा. ती सकाळी दार उघडायची ती त्यासाठीच. पिन्हास मात्र दार उघडलं की पाठ करून बसायचा. पुढे तर तो कामावर जाताना वसाहतीला वळसा घालून जाऊ लागला. त्याच सुमारास आपल्यातली काही माणसं परत हिंदुस्थानात पाठवा म्हणून अडून बसली होती. कोणाला रंगावरून हिणवलं होतं, कोणाला काम मिळालं नव्हतं, कोणाला नुसती घराची ओढ लागली होती. पिन्हास त्यांच्यात जाऊन बसला. तेल अवीवच्या फुटपाथवर, उपाशी. तिकिटं मंजूर झाली तेव्हा तो लिआला न्यायला आला.

लिआने सामान बांधलं होतं, पण फक्त त्याचं.

तो पुष्कळ बोलला. पुण्यात आई आहे, घर आहे, माणसं आहेत, इथे आपलं काय आहे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. लिआने उताराकडे बोटसुद्धा केलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही जा. मला तिला एकटी टाकता येत नाही."

"आणि मला येतं, असं म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही, अहो."

तो गेला. बावन्न सालचा उन्हाळा होता. त्याची पत्रं यायची, आधी दर महिन्याला, मग सणासुदीला. प्रत्येकात एक वाक्य ठरलेलं: पोरीकडे जातेस ना? ती उत्तर द्यायची, जाते.

एकट्या बाईने त्या वाळवंटात काय करायचं, हा प्रश्न लवकरच सुटला. अमनोन नावाचा एक तरुण संशोधक, उन्हाने भाजलेला, चष्म्याच्या काड्या सुतळीने बांधलेला, तंबू घेऊन किल्ल्यावर राहायला आला. त्याला वाळू उपसायला माणसं हवी होती. लिआ गेली. टोपल्या भरल्या, खापरं धुतली, ती उन्हात मांडून वाळवली. अमनोनला कोणीतरी ऐकायला लागायचं आणि तिला कोणीतरी बोलत राहिलेलं हवं असायचं. हिब्रू ती त्याच्याकडूनच शिकली. त्यामुळे कमान, खांब, विहीर हे शब्द तिला आधी आले आणि बाजारातले नंतर. पहिल्याच आठवड्यात त्याने उतारावरची चौकट पाहिली होती आणि विचारलं होतं. तिने सांगितलं. त्यानंतर त्याच्या माणसांची फावडी त्या बाजूला कधी वळली नाहीत.

एका वर्षी त्यांना पडक्या चर्चच्या फरशीखाली एका लहान मुलाचं थडगं सापडलं. त्या शहरात राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं. शिळेवर ग्रीक अक्षरं होती. अमनोन गुडघ्यांवर बसून ब्रशने वाळू झाडत ती एकेक वाचत गेला आणि त्याचा आवाज आनंदाने चिरकला. मुलाचं नाव स्तेफानोस, वय तीन, आईबापांनी ही शिळा घातली. लिआ खाली वाकून त्या अक्षरांवर हात ठेवून राहिली. तिला ती वाचता येत नव्हती, पण अमनोनने सांगितलं नसतं तरी काय लिहिलं असेल ते तिला कळलं असतं.

पुढे सरकारने देशातल्या जुन्या जागा जपायचं ठरवलं. कुठल्या जागा राष्ट्राच्या म्हणून राखायच्या, हे पाहत मोठी माणसं जीपमधून फिरू लागली. किल्ल्यावर आली, दिवसभर राहिली, आणि संध्याकाळी जाताना अमनोनला मिठी मारून गेली. किल्ला निवडला गेला होता. आता इथे पक्का रस्ता होणार, बस येणार, शाळेची मुलं येणार, परदेशातून लोक येणार. अमनोन त्या दिवशी लिआच्या खोलीवर साखरेचा पुडा घेऊन आला, आणि लिआने त्याला शिरा करून घातला. खरोखरच दोघांना आनंद झाला होता. इतकी वर्षं उपसलेली वाळू कुणाच्यातरी कामी आली होती.

रस्त्याची आखणी झाली तेव्हा तो दुसऱ्यांदा आला. ह्या वेळी हातात काही नव्हतं. दारातच उभा राहून त्याने सांगून टाकलं. बस उभ्या राहायला सपाट जागा हवी. वरच्या अंगाला जुने हौद आहेत, ते फुटतील. खालच्या अंगाला वादी आहे. उरतो तो उतार. त्याने दोनदा आखणी बदलायला लावली होती, तिसऱ्यांदा त्याचं कोणी ऐकलं नव्हतं. कायद्याने कबर आईच्या संमतीशिवाय हलवता येणार नाही, आणि ती नाही म्हणाली तर चौकटीभोवती कठडा घालून ती तशीच राखतील, बस बाजूने वळतील, हेही त्याने सांगितलं.

लिआने विचारलं, "आणि त्या मुलाला? त्यालाही हलवणार?"

"नाही. त्याच्यावर छप्पर घालणार आहोत."

"का?"

अमनोनने चष्मा काढला. "त्याचं कोणी उरलेलं नाही, लिआ. म्हणून तो आमच्याकडे आहे."

"आणि माझी?"

"तिची तू आहेस."

तिने नाही म्हणून सांगितलं. अमनोनने मान हलवली आणि तो गेला. त्यानंतर दफनाचं काम करणाऱ्या मंडळींपैकी शौल नावाचा एक माणूस बेर शेव्याहून आला. पांढऱ्या दाढीचा, हळू बोलणारा. तो म्हणाला की एरवी मेलेल्यांना उठवू नये असंच शास्त्र सांगतं. पण जिथे अवहेलना व्हायची भीती असते तिथून आपल्या माणसांत नेणं हे पुण्याचं काम आहे. ती म्हणाली, माझी मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे, अवहेलना कसली? त्याने वाद घातला नाही. चहा प्याला, आशीर्वाद दिला, निघून गेला.

निर्णय फिरला तो कोणाच्या बोलण्याने नाही. वसंतात, रस्ता अर्धा झालेला असताना, हैफाकडचं एक मंडळ किल्ला बघायला आलं. शिकलेली, हौशी माणसं, डोक्यावर टोप्या, गळ्यात कॅमेरे. तोपर्यंत लिआला तिथली राखणदार म्हणून नेमलं होतं, तेव्हा ती त्यांच्या मागे मागे होती. दुपारी ती माणसं उतारावर विसावली. एक बाई चौकटीच्या दगडावर बसून संत्रं सोलू लागली. लिआ पुढे धावली, पण तिच्या आधी त्या बाईच्या नवऱ्याने वाकून चौकट पाहिली, दगडावरच्या टाकीच्या जुन्या खुणा बोटाने चाचपल्या आणि खुशीने विचारलं, "हे छोटं थडगं कुठल्या शतकातलं?"

लिआने वाकून चौकटीत पडलेली संत्र्याची साल उचलली. तिच्या डोळ्यांसमोर आलं की आता रोज कोणीतरी विचारणार. ती म्हातारी होणार, मरणार, आणि मग सांगायलाही कोणी नसणार. दगड त्याच भिंतींतले, नाव उडालेलं. लोक स्तेफानोसकडून नुरीतकडे येतील आणि नुरीतकडून स्तेफानोसकडे, आणि दोघं एकाच काळातली होऊन जातील. त्या बाईच्या लक्षात काहीतरी आलं असावं. तिने साली गोळा केल्या, ती उठली आणि माफी मागितली. लिआने मान डोलावली.

त्याच संध्याकाळी तिने अमनोनला होकार कळवला.

पिन्हासला विचारावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. कागद पुढे घेऊन ती बसलीसुद्धा. पण मनात एक कडवट गाठ होती: जो पाठ फिरवून गेला, त्याला आता काय विचारायचं? तिने कागद तसाच ठेवून दिला.

शौल दोन माणसं घेऊन सकाळी लवकर आला. बायकांनी जवळ राहू नये असं त्याने सांगितलं, आणि लिआ जागची हलली नाही तेव्हा त्याने पुन्हा सांगितलं नाही. माणसं हळुवारपणे खणत होती. अमनोन टोपी हातात धरून लांब उभा होता. तळाशी पोचल्यावर शौल स्वतः आत उतरला. बराच वेळ तो नुसता माती चाळत होता. मग त्याने पांढऱ्या कापडाची एक पुरचुंडी वर दिली, आणि लिआने ती घेतली.

तिला वजन लागलं नाही. वादीच्या लोंढ्याच्या दिवशी पाठीशी बांधलेल्या नुरीतने तिचे खांदे भरून आले होते, ते दुखणं तिला अजून आठवत होतं. हे ओंजळभरसुद्धा नव्हतं. तिने शौलकडे पाहिलं. तो म्हणाला की मूल लहान होतं, जमीन चुनखडीची आहे, जेवढी होती तेवढी सगळी आणली आहे. गाडीत ती पुरचुंडी मांडीवर घेऊन बसली. रस्ता खराब होता, धक्के बसत होते, आणि प्रत्येक धक्क्याला तिचा हात आपोआप वर जाऊन ती सावरत होता.

बेर शेव्याच्या कब्रस्तानात एका ओळीत लहान मुलांच्या कबरी होत्या. तिथे नुरीतला जागा मिळाली, वर पक्का दगड, त्यावर कोरलेलं नाव. शेजारी इराकची एक मुलगी, पलीकडे पोलंडचा एक मुलगा. उतारावरचे दगड अमनोनने भिंतीत परत बसवून घेतले. ते भिंतीचेच होते. सत्तावन्न सालच्या वसंतात पाटीवरचं कापड निघालं, भाषणं झाली, शाळेच्या मुलांनी झेंडे हलवले. लिआ दाराशी तिकिटं फाडत होती. तिचा पगार वाढला होता. मआबारा मोडल्यावर तिला ओफाकिम ह्या नव्या गावात दोन खोल्यांचं घरही मिळालं होतं, आणि ती रोज बसने किल्ल्यावर यायची. आता दार उघडलं की समोर दुसऱ्या घराची भिंत होती.

पिन्हास आला तो त्याच वर्षी, शरदातल्या सुकोथच्या सणानंतर. जे गेले होते त्यांतले पुष्कळ जण परत येतच होते. त्याने कळवलं नव्हतं. बसमधून माणसं उतरली, तिकिटाच्या खिडकीकडे आली, आणि लिआला त्यांच्या पलीकडे एक किडकिडीत माणूस दाराकडे न येता उजवीकडे वळताना दिसला. चालण्यावरून तिने ओळखलं. केस पांढरे झाले होते, हातात कापडी पिशवी होती. तो थेट चालत गेला, जणू मधल्या वर्षांत रोज गेला होता, आणि दोन बसच्या मधे डांबरावर उभा राहिला.

लिआ खिडकी सोडून गेली. ती जवळ पोचली तरी त्याने वळून पाहिलं नाही.

"कुठंय?" त्याने विचारलं.

"बेर शेव्याला. कब्रस्तानात नेली."

"कधी?"

"गेल्या वर्षी."

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही नव्हता."

तो खाली बसला. डांबरावर, पाय पोटाशी घेऊन. बस चालवणाऱ्याने लांबून काहीतरी ओरडून विचारलं, लिआने हाताने त्याला थांबवलं. पिन्हास बोलत होता, तिच्याशी नव्हे, समोर बघत. पुण्यात तो रोज झोपण्याआधी ही वाट चालायचा. नळापासून उजवीकडे, बाभळीपासून वर, मोठा दगड ओलांडला की पोर. कधी कधी मोठ्या दगडापर्यंत पोचेतो झोप लागायची, तेव्हा सकाळी त्याला अपराध्यासारखं वाटायचं. लिआने हे ऐकलं आणि तिच्या मनातली ती जुनी गाठ सुटली, पण सुटल्यावर तिथे जे उरलं ते गाठीपेक्षा जास्त दुखत होतं. इतकी वर्षं तिला वाटलं होतं की पोरीजवळ ती एकटीच आहे.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला बेर शेव्याला नेलं. त्याने नाव वाचलं, कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मेलेल्यांसाठीची हशकाबाची प्रार्थना म्हटली, दगडावर खडा ठेवला. सगळं रीतसर केलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "लिआ, तिथलं मी खणलं होतं गं. माझ्या हातांनी. हे कोणी खणलं?"

"शौलच्या माणसांनी. चांगली माणसं होती."

"असतील." त्याने ठेवलेला खडा उचलून पुन्हा ठेवला. "मला ती इथे सापडत नाही."

ती रडली नाही, रागावलीही नाही. त्याला काय होत होतं ते तिला नीट कळत होतं, कारण पुरचुंडी हातात घेतली तेव्हा तिलाही पोर सापडली नव्हती. तिने ती शोधून शोधून, आठवड्यामागून आठवडे येऊन, ह्या दगडाखाली बसवली होती. हे तिला त्याला देता येण्यासारखं नव्हतं.

तो ओफाकिमला तिच्याच घरी राहू लागला. त्यात कोणी काही ठरवलं नाही. त्याला कापडाच्या कारखान्यात कारकुनी मिळाली. तो भाजी आणायचा, ती भाकरी भाजायची, शनिवारी, शाब्बाथला दोघं मिळून प्रार्थनेला जायची. शेजारच्यांना ती दोघं शांत, जुन्या वळणाची वाटायची. मूल आता होणार नव्हतं.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात नुरीत गेली तो दिवस आला. लिआने पहाटे दिवा लावला, पोहे भिजवून मलिदा केला, डबा भरला आणि विचारलं की येता का. पिन्हास म्हणाला, तू जा, मी किल्ल्यावर जातो. तिने मलिद्याचे दोन भाग केले. एकाच थांब्यावर दोघं उभी राहिली आणि दोन वेगळ्या बसमध्ये चढली.

संध्याकाळी तो तिच्यानंतर आला. पँट गुडघ्यांवर मळली होती. तिने पाणी दिलं. त्याने ते प्यायल्यावर तिने विचारलं, "आज बस उभी होती का हो तिथे?"

"होती," तो म्हणाला. "मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा पुढे घेशील का. त्याने का म्हणून विचारलं नाही. घेतली."